भातुकली आणि हिशेबाची वही

मागच्या भागात मी दुकानातल्या शिस्तीविषयी बोललो. त्यावर बिलासपूरहून एका ताईंनी विचारलं, "सर, शिस्त कळली. पण सकाळी शटर वर करताना मलाच कंटाळा येतो. मग माझ्याकडच्या मुलींना उत्साह कुठून येणार?" प्रश्न नेमका होता. त्याचं उत्तर मला फौजेत सापडायला हवं होतं, पण सापडलं ते आमच्या दुकानातल्या मोरीजवळ, एका पाच वर्षांच्या मुलीकडून. आज तेच सांगतो.

आधी दुकान कुठे आहे ते सांगायला हवं, कारण रायपूर आणि नवा रायपूर यांत फरक आहे. जुनं रायपूर म्हणजे गोलबाजार, गर्दी आणि चारचारदा हॉर्न. नवा रायपूर हे तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आखून बांधलेलं शहर. छत्तीसगडचं मंत्रालय २०१२ मध्ये इथल्या महानदी भवनात आलं, आणि २०१८ मध्ये शहराला अटल नगर हे नाव मिळालं. रस्ते असे की रणगाडे शेजारी-शेजारी न्यावेत. पण हजारो कर्मचारी सकाळी बसने येतात आणि संध्याकाळी बसने परत जातात. सहानंतर रस्त्यावर मी आणि दोन गाई. त्यातच २०२२ मध्ये सरकारी कार्यालयांचा आठवडा ५ दिवसांचा झाला. म्हणजे शनिवारही गेला.

अशा ठिकाणी मी २०२१ च्या अखेरीस मराठी पदार्थांचं उपाहारगृह काढलं. थालीपीठ, साबुदाणा खिचडी, मिसळ, झुणका-भाकर. घराच्या वरच्या मजल्याचं बांधकाम थांबवून ते पैसे त्यात घातले. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही आयुष्यभर मेसमध्ये आयतं जेवलात. तुम्ही हॉटेल चालवणार?" मी म्हणालो, पलटण चालवली आहे, हॉटेल काय चीज आहे.

आणि मी ते पलटणीसारखंच चालवलं. सकाळी साडेसातला हजेरी, नखं तपासणी, आठला नाश्ता तयार. थालीपीठाचा व्यास ठरलेला. कोणी विचारलं, "साहेब, आज भोपळ्याचं करू का?" तर उत्तर होतं, जे लिहिलंय तेच होईल. दुकान स्वच्छ होतं, माल ताजा होता, हिशेब चोख होता. गिऱ्हाईक नव्हतं. सहा-सात महिन्यांत दोन आचारी सोडून गेले. दोघांनीही तक्रार केली नाही. आज कळतं की ते तक्रार केल्यापेक्षा वाईट होतं. माणसाला काही बदलेल अशी आशा असली तरच तो तक्रार करतो.

मग पोरा आला. विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको, तुमचा पोळा तोच. पंचांगाची पद्धत वेगळी, पण दिवस एकच: आपली श्रावणी अमावास्या तीच इथली भादो अमावास्या. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल घेऊन निघतात. इथे मुलगे मातीचा, चाकं लावलेला नंदिया बैल ओढतात, आणि मुलींसाठी मातीची भातुकली असते. चूल, जातं, इवली गाडगी-मडकी. त्या दिवसांत गोलबाजाराच्या बाजूला गेलात तर कुंभारांचा माल रस्त्यावर मांडलेला दिसेल. भांडी घासायला येणाऱ्या बाईंची लेक अशीच एक भातुकली घेऊन दुकानात बसली होती. मी जाता-जाता विचारलं, काय हवं? तिने पेल्याएवढं मडकं पुढे केलं आणि म्हणाली, "नानकुन थाली." नानकुन म्हणजे छोटीशी.

दुकान रिकामंच होतं. मी तिच्या मडक्यांत चमचाभर खिचडी, चमचाभर झुणका, रुपयाएवढं थालीपीठ आणि ठेचा सोडून बाकी सगळं वाढलं. तेवढ्यात मंत्रालयातल्या तीन बाई आत आल्या. त्यांनी ते ताट पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्हालाही हेच."

मी आठ महिने डोकं खाजवत होतो की समोर एवढी कार्यालयं असताना माणसं का येत नाहीत. अहो, ती घरून डबा आणत होती! त्यांना पोटभर जेवण नकोच होतं. डब्याबरोबर काहीतरी चवीपुरतं हवं होतं, आणि माझं सगळ्यात छोटं ताट दोन भाकऱ्यांचं होतं. ही गोष्ट मला कुठल्या पाहणीतून कळली नाही. दुकान-दुकान खेळणाऱ्या मुलीशी मी पाच मिनिटं खेळलो म्हणून कळली. आज आमची निम्मी विक्री त्या "नानकुन थाळी"ची आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. दुकानात खेळकरपणा आणा म्हटलं की लोक फुगे लावतात, भिंतीवर विनोदी वाक्यं रंगवतात, नाही तर मालक सोमवारी सकाळी नोकरांना टाळ्या वाजवायला लावतो. हा खेळ नव्हे, ही कवायत आहे, आणि कवायत मी तुमच्यापेक्षा जास्त केली आहे. योहान हाउझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये खेळावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सांगितलेल्या खेळाच्या मुख्य लक्षणांपैकी दोन अशी: तो स्वखुशीचा असतो, आणि त्याला वेळेची व जागेची आखलेली हद्द असते. सक्तीने खेळ होत नाही. आणि हद्द नसेल तर तो गोंधळ.

लोकांना वाटतं फौजेत खेळ म्हणजे संध्याकाळचं व्हॉलीबॉल. ते तर आहेच. पण फौजेतलं सगळ्यात गंभीर काम वाळूत बसून होतं. सँड मॉडेल म्हणतात त्याला. मोठ्या चौकटीत वाळू घालायची, त्यात डोंगर उभे करायचे, निळ्या रंगाची नदी, हिरव्या भुश्शाचं जंगल, काडेपेटीची घरं. मग पन्नाशीतले, छातीवर रिबनी असलेले अधिकारी त्याभोवती उभे राहून छड्यांनी तुकड्या पुढे-मागे करतात. बाहेरून बघणाऱ्याला हसू येईल. पण तिथे चुकलं तर वाळू पुन्हा सपाट करता येते. डोंगरावर चुकलं तर नाही. प्रशियाच्या सैन्याने तर १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याचा नकाशा आणि फाशांचा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. जगभरच्या युद्धखेळांची ती सुरुवात म्हणतात. म्हणजे चूक जिथे स्वस्त आहे अशी एक जागा मुद्दाम राखून ठेवायची, हे मी तीसेक वर्षं करत होतो. दुकान काढताना मात्र ती जागा ठेवायला विसरलो. माझ्याकडे प्रत्येक चूक महाग होती, म्हणून कोणी काही करतच नव्हतं.

आता आपल्या माणसाचं उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके सगळ्यांना माहीत आहेत, पण आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणून हार घालतो आणि छोटे धंदेवाले म्हणून विसरतो. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस आधी छायाचित्रकार होता, मग पुरातत्त्व खात्यात नोकरीला होता, मग छापखानेवाला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही करायचा, प्रोफेसर केळफा या नावाने. फाळके उलटं वाचा, म्हणजे नाव कुठून आलं ते कळेल. छापखान्यात भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत तो बाहेर पडला. बायको-मुलं पदरी, हातात काम नाही. १९११ मध्ये गिरगावात येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि याने ठरवलं, असं आपल्याकडे करायचं.

पुढे काय केलं ते बघा. छोटं यंत्र आणि काही फिती मिळवून रोज रात्री घरात भिंतीवर चित्रं पाडत बसला. इतकं की डोळे बिघडले, काही काळ दिसेनासं झालं. बरं वाटल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं आणि १ एप्रिलला परत आला. मे महिन्यात कॅमेरा आला, तो चार दिवसांत जोडला. मग पहिलं चित्रण कशाचं? हरिश्चंद्राचं नाही. दादरला घराच्या आसपास खेळणाऱ्या मुला-मुलींचं! यंत्र चालतं की नाही ते पाहायला. नंतर कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्या रोपाचं थोडं-थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात बीचा वेल झाला. "अंकुराची वाढ" हे त्या चित्रपटाचं नाव. तो निवडक लोकांना दाखवला, आणि तो पाहूनच काहींनी कर्ज दिलं.

माझ्या मते मराठी माणसाने भांडवलासाठी केलेली ही सगळ्यात सुंदर मागणी आहे. आपण बँकेत जाताना काय नेतो? प्रकल्प अहवाल. फाळके वाटाण्याचं रोप घेऊन गेले. त्यांनी गंमत दाखवली, पण त्या गमतीत तंत्राचा पुरावा होता. यंत्र येतं, धुलाई येते, छपाई येते, धीर आहे, हे सगळं त्या एका मिनिटात आलं. खर्च काय, तर मूठभर वाटाणे आणि थोडी फिल्म.

आणि घर सगळं त्या खेळात होतं. सरस्वतीबाईंनी फितीला भोकं पाडायला शिकून घेतलं, धुलाई शिकल्या, वर साठेक माणसांचा स्वयंपाक केला. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा एका खाणावळीत काम करणारे साळुंके यांना साडी नेसवली. आम्हा उपाहारगृहवाल्यांना याचा थोडा अभिमान आहे. ३ मे १९१३ ला "राजा हरिश्चंद्र" गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो साधारण सात महिन्यांच्या मेहनतीनंतर. एवढं होऊनही माणसाची खोड गेली नाही. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवलं, "आगकाड्यांची मौज".

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगतो, पण ती थोड्या वेळाने. आधी आमच्याकडे आम्ही काय केलं ते सांगतो.

बुधवार हा खेळाचा दिवस ठरवला. त्या दिवशी फळ्यावर एक पदार्थ असा असतो जो कोणीतरी सुचवलाय आणि आम्ही कधी केलेला नाही. सामानाला ५०० रुपये, त्याच्या वर एक पैसा नाही. विकलं नाही तर आम्हीच खायचं, आणि कोणी कोणाला बोलायचं नाही. ही शेवटची अट माझ्यासाठी होती. पहिल्या बुधवारी एका मुलाने मिसळीत फरा घातला. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके, इथला घरोघरचा पदार्थ. गिऱ्हाइकांनी चमच्याने बाजूला काढून ठेवले. मी जीभ चावून गप्प बसलो. चौथ्या की पाचव्या बुधवारी त्यानेच फरे तळून वर तीळ-मिरचीची फोडणी दिली आणि शेजारी आपली शेंगदाण्याची चटणी ठेवली. ते आज रोजच्या फळ्यावर आहेत. पहिल्या दिवशी मी बोललो असतो तर पाचवा बुधवार आलाच नसता.

दुसरा खेळ फौजेतून आणला. किपलिंगच्या "किम" या १९०१ च्या कादंबरीत सिमल्यातल्या एका दुकानात मुलाला ताटातले खडे दाखवून, झाकून, आठवायला लावतात. बेडन-पॉवेलने १९०८ मध्ये ते बालवीरांसाठी उचललं आणि फौजांमध्येही ते निरीक्षण शिकवायला वापरतात. ताटात वीस वस्तू, एक मिनिट पाहायचं, वर फडकं, मग सांगायचं. मी ताटाऐवजी कोठीची खोली घेतली. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन पाच गोष्टी बदलायच्या. डबा उलटा ठेवायचा, जुनी पिशवी पुढे सरकवायची, एखादं झाकण गायब करायचं. जो पाचही ओळखेल त्याला पहिला चहा मी करून देणार. पंधरा दिवसांत त्यांची नजर माझ्यापेक्षा तयार झाली. एका सकाळी एकीने पाचच्या ऐवजी सहा बदल सांगितले. सहावा होता गॅसच्या नळीवरची बारीक चीर. ती मी केलेली नव्हती.

महिन्यातून एकदा आमचा बडा खाना असतो. पलटणीत बडा खान्याला अधिकारी जवानांबरोबर जेवतात, त्यांना वाढतात. इथे त्या दिवशी मी भांडी घासतो, पत्नी भाज्या चिरते आणि भांडीवाल्या बाई गल्ल्यावर बसतात. पहिल्या खेपेला त्यांनी मला एक कढई तीनदा परत पाठवली. दुसऱ्या दिवशी मी घासायची जागा दीड वीत उंच करून घेतली, कारण माझी कंबर धरली होती. त्यांची कंबर वर्षभर धरत होती, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता माझी चूक. ही सांगायला बरी वाटत नाही, पण सोडली तर हा भाग अर्धा राहील.

खेळ जमतोय म्हटल्यावर मला चेव आला. मी भिंतीवर एक फळा लावला, त्यावर कासवाचं चित्र. आठवड्यात सगळ्यात संथ काम करणाऱ्याच्या नावापुढे कासव. ऑफिसर्स मेसमध्ये अशा थट्टा चालतात, मीही खूप सोसल्या आहेत. सगळे हसले. एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, जवळच्या गावातून सायकलने यायचा. ज्या गावांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं त्यांपैकी एक गाव. दोन आठवडे लागोपाठ कासव त्याच्याकडे गेलं. तोही हसला. तिसऱ्या सोमवारी आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. उजव्या हाताला मनगटापर्यंत तेलाने भाजलं होतं, चिघळलेलं. पंधरा दिवस तो लांब बाहीच्या शर्टात ते झाकून काम करत होता, म्हणून संथ होता. सांगितलं का नाही, विचारलं तर जमिनीकडे बघत राहिला. त्याची आई म्हणाली, साहेब, पोरगा म्हणाला की सांगितलं तर अजून हसतील. मी डॉक्टरांचे पैसे दिले, पगार दिला, परत ये म्हणालो. तो आला नाही. मेसमधले आम्ही सगळे एका दर्जाचे होतो आणि उलटून बोलू शकत होतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मालक नोकराची थट्टा करतो तेव्हा नोकराला हसावंच लागतं. मग ते स्वखुशीचं कसं?

फळा त्याच दिवशी उतरवला. त्यानंतर मी रायपूरच्या समता कॉलनीतल्या "नुक्कड" या चहाच्या कॅफेत जाऊन बसलो. ते २०१३ पासून चालू आहे, आणि तिथे ऐकू-बोलू न शकणारी मुलं-मुली चहा आणून देतात. आपण लिहून सांगायचं, नाही तर खुणांनी. मी खुणेने चहा मागायला गेलो आणि काय मागितलं देव जाणे, समोरची मुलगी हसली, मग मला खूण नीट करून दाखवली. मीही हसलो. तिथे अडखळत होतो तो मी, पैसे देणारा. माझ्या फळ्यावर हसण्याची दिशा नेमकी उलटी होती.

आता फाळक्यांची राहिलेली बाजू. १९१८ च्या सुरुवातीला नाशिकला भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता, वेळेचं बंधन हवं होतं. फाळक्यांना हवं तसं करायचं होतं. पटलं नाही. ते कंपनी सोडून काशीला गेले, काही वर्षांनी परत आले, पण पूर्वीची घडी बसली नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत नाशिकला गेले तेव्हा हलाखीच होती. आपण ही गोष्ट नेहमी कलावंत विरुद्ध शेठजी अशी सांगतो. मी उधारी वसूल करायला उन्हात फिरलो आहे, म्हणून मला शेठजींचीही बाजू दिसते. वाटाण्याच्या कुंडीला भागीदार लागत नव्हता. कंपनीला लागत होता, आणि तिथे कुंडीएवढाच खर्च कुठे करायचा आणि किती, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. दोन्ही बाजूंनी ते झालं नसावं, असं माझं मत.

आमच्या वहीत म्हणून एक वेगळा रकाना आहे. मथळा "खेळखर्च". बुधवारचे ५००, बडा खान्याचं गोडधोड, कोठीच्या खेळात फुटलेली एक बरणी, सगळं त्यात. ते नुकसानीत धरत नाही, भाडं आणि वीजबिलासारखा खर्च धरतो. महिन्याला दोन-अडीच हजारांच्या घरात जातं. पहिल्या वर्षी हा रकाना नव्हता, तेव्हा फुकट गेलेल्या मालाचा आकडा याहून मोठा होता, कारण ठरलेलं थालीपीठ ठरलेल्या व्यासात रोज उरत होतं. बिलासपूरच्या ताई, तुम्ही लगेच बुधवार वगैरे ठरवू नका. तुमच्याकडच्या मुलींना विचारा, दुकानातली कुठली एक गोष्ट तुम्ही वेगळी कराल. त्या पहिल्या दिवशी काहीच बोलणार नाहीत. तुमच्या चेहऱ्याकडे बघतील. आठवडाभर थांबा आणि पुन्हा विचारा. तोवर स्वतःच काहीतरी नवं करून बघा, चुकेल असं काहीतरी, आणि ते त्यांच्यासमोर चुकू द्या.

वरचा मजला अजून बांधायचा आहे. दुकान मोठा नफा देत नाही, पण दीड वर्षात कोणी सोडून गेलेलं नाही. या बुधवारी ठेठरीचा चुरा घातलेली भेळ आहे, सुचवणारी भातुकलीवालीची आई. मला शंका आहे, पण मी बोललेलो नाही. इकडे आलात तर चार वाजता या. बडा खानाही याच दिवशी आलाय, तेव्हा मी मागे मोरीपाशी सापडेन.